हद्द आणि हद्दपारी : वऱ्हाडच्या सरहद्दीवरून पाहिलेला अभियोक्त्याच्या कर्तव्याचा प्रश्न

न्यायालय अपराध्यास जी शिक्षा देते ती निकालपत्रात लिहिलेली असते. किती महिने कारावास, किती रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी किती दिवस, हे सर्व त्यात नमूद असते. परंतु अपराधी ज्या भूमीवर उभा आहे त्या भूमीचा तो प्रजाजन नसेल, तर निकालपत्रात न लिहिलेली आणखी एक शिक्षा त्याच्या वाट्यास येऊ शकते. ती म्हणजे त्या भूमीतून घालवून दिले जाणे. ही शिक्षा न्यायाधीश देत नाही. ती शासनाचा एखादा अधिकारी देतो. ती अपराधाच्या गुरुत्वाप्रमाणे मोजलेली नसते, आणि तिला 'शिक्षा' हे नावही कायदा देत नाही. मग आरोप ठेवणारा, पुरावा मांडणारा आणि प्रसंगी खटला मागे घेणारा जो स्थानिक सरकारी अभियोक्ता, त्याने या परिणामाकडे पाहावे की पाहू नये?

हा प्रश्न आज परदेशांतील न्यायालयांतून विशेष चर्चिला जातो. तथापि तो आपणांस अपरिचित आहे असे मानण्याचे कारण नाही. वाशीम जिल्ह्यातील रिसोड आणि त्याच्या दक्षिणेचा पैनगंगेचा प्रदेश यांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर प्रजाजन कोण, परका कोण आणि हद्दीपलीकडे कोणास घालवावे, हे प्रश्न येथे पुनःपुन्हा उपस्थित झालेले दिसतात.

१. शब्दांची साक्ष

इतिहासाकडे वळण्यापूर्वी या विषयातील तीन शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. 'हद्द' हा शब्द मूळ अरबी आहे. अरबीत त्याचा प्राथमिक अर्थ 'सीमा' असा असून इस्लामी धर्मशास्त्रात तोच शब्द 'नियत केलेली शिक्षा' या अर्थी योजिला जातो. सीमा आणि शिक्षा हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदत असावेत ही गोष्ट लक्षणीय आहे. मराठीने त्यातील सीमेचा अर्थ घेतला. परंतु 'हद्दपार' हा समास सिद्ध करून शिक्षेचा अर्थही एका परीने परत मिळविला.

दुसरा शब्द 'तडीपार'. तड किंवा तडी म्हणजे नदीचा काठ. काठापलीकडे पोचविणे एवढाच या शब्दाचा उघड अर्थ आहे, आणि जेथे नदी हीच मुलखाची सीमा होती तेथे तो अक्षरशः खरा होता. पैनगंगा बुलढाण्याकडून रिसोडच्या भागात उतरते आणि पुढे बऱ्याच अंतरापर्यंत वऱ्हाड व मराठवाडा यांच्यामधली सीमा होऊन वाहते.

तिसरा शब्द 'परदेशी'. मराठीत याचा अर्थ केवळ दुसऱ्या देशाचा मनुष्य एवढाच नाही. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या शिपायाला व व्यापाऱ्याला मराठी मुलखात परदेशी म्हणत, आणि अनेक कुटुंबांचे ते आडनावच होऊन बसले. याहून महत्त्वाचा अर्थ बायकांच्या बोलण्यात टिकून आहे. आईबाप गेल्यावर 'लेकरे परदेशी झाली' असे म्हणतात, तेव्हा ती लेकरे गाव सोडून कोठेही गेलेली नसतात. निराधार होणे, आपले म्हणणारे कोणी न उरणे, याला भाषेने परदेशी होणे म्हटले आहे. परकेपण हा भूगोलाचा भाग कमी आणि आधार तुटण्याचा भाग अधिक, हे ज्ञान या शब्दप्रयोगात साठविलेले आहे.

२. आपल्याच गावी परका : १८५३ ते १९४८

वऱ्हाडाची राजकीय स्थिती हिंदुस्थानात अपवादात्मक होती. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी निजामाकडून वसूल होईना, म्हणून १८५३ च्या मे महिन्यातील तहान्वये वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात देण्यात आले. १८६० च्या तहाने ही व्यवस्था कायम झाली. यामुळे राज्यकारभार इंग्रजांचा आणि सार्वभौमत्व निजामाचे, अशी दुहेरी स्थिती निर्माण झाली. 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' हे प्रांताचे अधिकृत नावच ती सांगत असे.

या स्थितीचा अर्थ रिसोडच्या एखाद्या कास्तकाराच्या दृष्टीने काय होता? त्याच्यावर खटला चालविणारा अधिकारी इंग्रजांचा होता. त्याला लागू होणारी दंडसंहिता व फौजदारी प्रक्रियासंहिता कलकत्त्यास तयार झालेल्या होत्या. पण वऱ्हाड हे कायद्याच्या परिभाषेत 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हते. तेथे ते कायदे स्वयमेव लागू होत नसत. परकीय मुलखातील अधिकारितेच्या आधाराने, अधिसूचना काढून ते लागू केले जात. तो कास्तकार कागदोपत्री निजामाचा प्रजाजन होता. ज्या सत्तेच्या न्यायासनापुढे तो उभा राही त्या सत्तेचा तो कायद्याने प्रजाजन नव्हता. आणि ज्या सत्तेचा होता तिचे न्यायासन नदीपलीकडे होते. नदीच्या दोन्ही तीरांवर भाषा मराठीच होती, आणि सोयरिकीही या तीरावरून त्या तीरावर होत. परकेपणा होता तो केवळ तहाच्या कागदात.

हा कागद फौजदारी कामात किती प्रभावी होता हे एका खटल्यावरून दिसते. इंग्रज सरकार आणि निजाम यांच्यात गुन्हेगारांच्या प्रत्यार्पणाचा करार १८६७ साली झाला होता. पुढे निजामाच्या मुलखातील रेल्वेच्या जमिनीवर, जेथे इंग्रजांस मर्यादित अधिकारिता देण्यात आली होती, निजामाच्या एका प्रजाजनास सिमला येथे घडलेल्या कथित अपराधाबद्दल अटक करण्यात आली. १८९७ साली महंमद युसुफुद्दीन याच्या या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ती अटक बेकायदा ठरविली. रेल्वेपुरती दिलेली अधिकारिता रेल्वेपुरतीच चालेल. ती ताणून अन्य अपराधासाठी मनुष्य धरता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. सत्ता कितीही प्रबळ असली तरी परक्या मुलखाच्या प्रजाजनाविरुद्ध ती दिलेल्या हद्दीतच वापरली पाहिजे, हे तत्त्व येथे स्पष्ट झाले.

या सरहद्दीची दुसरी बाजूही नमूद करावयास हवी. सरहद्द ही उपद्रव करणाऱ्यांस सोयीची असते. १८५९ साली रोहिल्यांच्या एका टोळीशी रिसोडच्या परिसरातील चिचांबा गावी कंटिंजंटच्या फौजेची चकमक झाली आणि तीत कॅप्टन मॅकिनन हा इंग्रज अधिकारी ठार झाला. अशा प्रसंगांमुळे बाहेरून आलेला सशस्त्र मनुष्य म्हणजे संशयित, हे समीकरण राज्यकर्त्यांच्या मनात दृढ झाले असल्यास नवल नाही. १८६४ च्या परकीय व्यक्तींविषयीच्या कायद्याने परकीयास देशाबाहेर जाण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या हुकुमासाठी अपराध शाबीत होण्याची आवश्यकता नव्हती. शिक्षा न्यायालयाची आणि हकालपट्टी सरकारची, ही फारकत येथपासूनच कायद्यात रुजलेली दिसते.

पुढे १९०२ च्या नोव्हेंबरात लॉर्ड कर्झन याने सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाडचा कायमचा पट्टा मिळविला आणि १९०३ साली हा प्रांत मध्यप्रांतास जोडला गेला. बासिम जिल्हा १९०५ साली मोडण्यात आला. परंतु निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व उरलेच. १९३६ च्या करारातही ते मान्य करण्यात आले आणि निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. नदीपलीकडे हैदराबाद संस्थानात 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' असा भेद नोकरीच्या संदर्भात तीव्र होत गेला व १९१९ साली त्यासाठी नियमही झाले. थोडक्यात, कोण आतला आणि कोण बाहेरचा हे दोन्ही तीरांवर कागदच ठरवीत होता.

३. कागद बदलला, प्रश्न राहिला : १९४८ ते १९६०

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ व मराठवाडा हे दोन्ही प्रदेश मुंबई राज्यात एकत्र आले. ज्या रेषेपलीकडे दुसरे राज्य होते ती रेषा आता केवळ जिल्ह्याची सीमा झाली. नदीच्या दोन्ही काठांवरील माणसे एका देशाचे नागरिक झाली आणि भारतात कोठेही संचार करण्याचा व राहण्याचा हक्क त्यांस संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने मिळाला.

परंतु त्याच सुमारास नवी सरहद्द उभी राहिली होती. १९४९ च्या पाकिस्तानातून होणाऱ्या प्रवेशाच्या नियंत्रणाचा जो कायदा होता, त्याच्या ७ व्या कलमाने, परवान्याविना प्रवेश करण्याचा अपराध ज्याने केला आहे, अथवा केल्याचा वाजवी संशय ज्याच्यावर आहे, अशा कोणासही देशाबाहेर काढण्याचा अधिकार केंद्र सरकारास दिला होता. अपराध आणि हकालपट्टी यांची सांगड येथे अगदी उघड होती. मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या इब्राहिम वझीर मावत यांच्या प्रकरणात १९५४ साली न्यायालयाने हे कलम भारतीय नागरिकांपुरते घटनाबाह्य ठरविले. परवान्याचा नियम मोडल्याबद्दल शिक्षा करता येईल. पण तेवढ्यासाठी नागरिकास त्याच्या देशातून काढणे म्हणजे त्याच्या हक्काचे नियमन नसून उच्छेद होय, असा न्यायालयाचा दृष्टिकोन होता. लहान अपराध आणि सर्वस्व हिरावणारा परिणाम यांतील विषमता न्यायालयाने येथे ओळखली.

नागरिकांच्या अंतर्गत हद्दपारीबाबत मात्र न्यायालयाने निराळी वाट धरली. मध्यप्रांत-वऱ्हाडचे १९३७-३८ मधील मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांना १९५० साली दिल्लीतून हद्दपार करण्यात आले, तेव्हा त्या हुकुमाचा आधार असलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने वैध ठरविला. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या ५७ व्या कलमान्वये पूर्वी काही विशिष्ट अपराधांत दोषी ठरलेल्या मनुष्यास एखाद्या क्षेत्राबाहेर घालविता येते. हरी खेमू गवळी यांच्या प्रकरणात १९५६ साली हे कलमही टिकले. याउलट वऱ्हाडास लागू असलेला १९४६ चा मध्यप्रांत-वऱ्हाड गुंड कायदा १९६० साली बलदेव प्रसाद यांच्या प्रकरणात कोसळला. त्याचे कारण मननीय आहे. अमुक मनुष्य गुंड आहे की नाही याचा निर्णय नीट चौकशी करून करण्याचे बंधनच त्या कायद्याने अधिकाऱ्यावर घातले नव्हते. मनुष्याला हद्दीबाहेर काढण्यापूर्वी तो कोण आहे हे कोणीतरी उत्तरदायित्वाने ठरविले पाहिजे, एवढा तरी धडा या निर्णयातून मिळतो.

तडीपारीच्या कायद्यात या धड्याची काही चिन्हे आहेत. आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कायद्यात हद्दपारीची मुदत दोन वर्षांहून अधिक असू शकत नाही, संबंधितास नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते, आणि शासनाकडे अपील करता येते. २०२२ साली जालना जिल्ह्यातील एका हद्दपारीसंबंधीच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा उपाय असामान्य असून क्वचितच योजावा, कारण त्यामुळे मनुष्य आपल्या घरात कुटुंबासह राहण्यासही मुकू शकतो, असे बजावले. वाशीम जिल्ह्यातून तडीपार झालेला रिसोडचा मनुष्य फार तर शेजारच्या जिल्ह्यात जातो; आणि दोन वर्षांनी परत येतो.

४. जो परत येऊ शकत नाही

परकीयाची स्थिती याहून सर्वस्वी भिन्न आहे. १९४६ च्या परकीय व्यक्ती अधिनियमाने केंद्र सरकारास दिलेला हकालपट्टीचा अधिकार निरपवाद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या प्रकरणात सांगितले. हकालपट्टी व प्रत्यार्पण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही त्याच निर्णयात स्पष्ट झाले. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या कायद्याने त्या मनुष्यावरच टाकला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या अधिनियमाची जागा आप्रवास व परकीय व्यक्तींविषयीच्या २०२५ च्या नव्या अधिनियमाने घेतली आहे. परंतु हा भार आणि तो व्यापक अधिकार त्यातही कायम आहेत. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाचे संरक्षण परकीयासही आहे, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. राहण्याचा हक्क मात्र त्यास नाही.

परिणामी किरकोळ अपराधात दोषी ठरलेल्या दोन इसमांपैकी एक नागरिक आणि दुसरा परकीय असेल, तर निकालपत्रात दोघांची शिक्षा एकच दिसते. पहिला दंड भरून घरी जातो. दुसऱ्याच्या बाबतीत तोच निकाल हकालपट्टीचे निमित्त ठरू शकतो. त्याची पत्नी येथील असेल, मुले येथील शाळेत जात असतील, तरी त्याचा विचार त्या निकालात कोठेही झालेला नसतो. ज्या मुलांच्या बापास असे घालवून दिले जाते ती मुले नागरिक असूनही, आपल्या भाषेच्या अर्थाने, परदेशी होतात.

हा प्रश्न दूरदेशी असलेल्या मराठी कुटुंबांनाही जवळचा आहे. अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना असलेला मनुष्य नागरिक नसतो. आणि त्याने वकिलाच्या सल्ल्याने, प्रकरण लवकर मिटावे म्हणून दिलेली कबुली त्याच्या हकालपट्टीस कारण होऊ शकते. त्या देशाने या बाबतीत केलेले प्रयोग अभ्यसनीय आहेत. १९१७ च्या कायद्याने शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशासच 'या मनुष्यास देशाबाहेर काढू नये' अशी शिफारस करण्याचा अधिकार होता, आणि ती शिफारस बंधनकारक असे. १९९० साली तो अधिकार काढून घेण्यात आला. २०१० साली पाडिया नावाच्या, त्या देशात चाळीसहून अधिक वर्षे राहिलेल्या व त्याच्या सैन्यात सेवा केलेल्या एका वाहनचालकाच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, कबुलीचा परिणाम हकालपट्टीत होईल की काय हे अशिलास सांगणे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे. २०१६ पासून कॅलिफोर्निया राज्याने याच्याही पुढे जाऊन, तडजोडीच्या बोलण्यात असे परिणाम टाळता येतील काय याचा न्याय्य तोडग्याच्या दृष्टीने विचार करण्याचे बंधन सरकारी अभियोक्त्यावर घातले. २०१७ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या अभियोक्त्याने आपल्या कार्यालयात यासाठी आप्रवास-कायद्याचे जाणकार वकील नेमण्याचे जाहीर केले. म्हणजे न्यायाधीशाच्या हातून निसटलेला विचार प्रथम बचावाच्या वकिलाकडे आणि नंतर अभियोक्त्याकडे आला.

५. अभियोक्त्याचे आसन

आपल्याकडे अभियोक्त्याच्या पदाची वाढ याच दिशेने झालेली आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रियासंहितेच्या काळात खालच्या न्यायालयांत बहुधा पोलीस अधिकारीच खटले चालवीत. १९७३ च्या संहितेने सहायक अभियोक्त्याच्या नेमणुकीतून सामान्यतः पोलिसांस वगळले. खटला मागे घेण्याचा अधिकार अभियोक्त्याचा असला तरी त्यास न्यायालयाची संमती लागते. आणि या कामी तो केवळ सरकारचा सेवक नसून न्यायालयाचाही अधिकारी असतो, असा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली बिहारमधील एका प्रकरणात मांडला. महाराष्ट्रातून गेलेल्या हितेंद्र विष्णू ठाकूर यांच्या प्रकरणात १९९४ साली, अभियोक्ता हा तपासयंत्रणेचा भाग नाही, असे त्या न्यायालयाने स्पष्ट केले. २००६ पासून कबुलीच्या तडजोडीची तरतूद संहितेत आली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अनेक अपराधांसाठी ती कायम आहे. त्या तडजोडीच्या बैठकीत अभियोक्ता बसतो. तेव्हा परिणामांचा विचार करण्याचे स्थान आपल्या कायद्यात उपलब्ध आहे; उणीव आहे ती त्या विचारास कर्तव्य मानण्याची.

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. परकीयास सौम्य आरोप आणि नागरिकास कडक आरोप, हा कोठला न्याय? कायद्यापुढे सर्व समान असतील तर परकेपणाचा लाभ अपराध्यास का मिळावा? शिवाय देशात कोणास राहू द्यावे हा केंद्र सरकारचा विषय. तालुक्याच्या न्यायालयातील अभियोक्त्याने त्यात का पडावे?

या आक्षेपाचे उत्तर वऱ्हाडच्याच इतिहासात सापडते. समान शिक्षा म्हणजे निकालपत्रातील समान अक्षरे नव्हेत. एकाच अपराधास एकाला दंड आणि दुसऱ्याला दंडासह देशत्याग घडत असेल, तर असमानता आधीच अस्तित्वात आहे. अभियोक्ता ती निर्माण करीत नाही, फक्त तिच्याकडे डोळे उघडून पाहतो. या पाहण्यालाही हद्द आहे. पुराव्याने सिद्ध होणारा गंभीर अपराध लपविणे, खोटा सौम्य आरोप रचणे, फिर्यादीचे दुःख दुय्यम मानणे, हे त्याचे काम नव्हे. पण पुरावा दोन कलमांस सारखाच बसत असेल, तर अपराधाच्या मानाने ज्याचा परिणाम अवाजवी होणार नाही असे कलम निवडणे. कबुली घेण्यापूर्वी आरोपीस परिणामाची जाण आहे ना हे पाहणे. तो खरोखर परकीय आहे की केवळ त्याची बोली, आडनाव वा कागदांचा अभाव पाहून त्यास परकीय म्हटले जात आहे याची खातरजमा करणे. आणि हकालपट्टीचा धाक दाखवून कबुली न काढणे, या चार गोष्टी त्याच्या अधिकारात आहेत. त्यांपैकी एकीनेही केंद्र सरकारचा अधिकार कमी होत नाही.

चारांपैकी तिसरी गोष्ट या प्रदेशास विशेष लागू आहे. परकेपण कागदावर ठरते आणि कागद बदलतो, हे रिसोडच्या परिसराने अनुभवले आहे. १८५३ च्या तहाने जो मनुष्य आपल्याच गावी परक्या सत्तेपुढे उभा राहिला, त्याच्या पणतवंडांस १९५० च्या संविधानाने नागरिक केले. त्यांच्यापैकी कोणीही त्यासाठी नदी ओलांडली नव्हती. जो अभियोक्ता हा इतिहास जाणतो तो समोरच्या आरोपीचा परकेपणा त्याच्या स्वभावाचा दोष मानणार नाही.

निकालपत्रात न लिहिलेली शिक्षा कोणी द्यावी हे कायदा ठरवील. पण ती मिळणार आहे हे ठाऊक असूनही ती मोजावयाची नाही, असे जर प्रत्येक अधिकारी म्हणेल, तर ती कोणीच मोजलेली नसेल. न्यायाधीशापुढे खटला येण्यापूर्वी आरोपपत्र अभियोक्त्याच्या मेजावर येते, आणि त्या वेळी अपराध व त्याचे सर्व परिणाम एकत्र पाहता येतात. तेथे ते पाहिले गेले नाहीत, तर पुढे पाहण्याची संधी क्वचितच उरते. आणि मनुष्य काठापलीकडे गेल्यावर त्याच्या प्रकरणाचा पुनर्विचार करण्यास या काठावर सहसा कोणी बसलेले नसते.